जादा तास कुणाच्या वहीत जमा होतो? गिरणगावाच्या इतिहासातून एक उत्तर

१/२२
ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी, असे मत मांडले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण ती बहुतांशी आरोग्य आणि उत्पादकता या दोन मुद्द्यांभोवती फिरली. या लेखमालेतील प्रश्न थोडा निराळा आहे. जादा तास दिल्याने तो देणारा तरुण स्वतः पुढे जातो का? मुंबईने हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे गिरणीच्या भोंग्याखाली अनुभवला आहे. त्या अनुभवाची नोंद सरकारी अहवालांत, कायद्यांत आणि संपांच्या मागण्यांत सापडते.

२/२२
आरंभ गिरणीपासून करू. कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीची गिरणी १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा टापू गिरण्यांनी व्यापला. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून तरुण मुले येऊ लागली. त्या काळी गिरणीत विजेचा दिवा नव्हता. म्हणून कामाचा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत असे. हिवाळ्यात तो आखूड आणि उन्हाळ्यात लांब. कामाच्या तासांना खरी मर्यादा घालणारा एकच अधिकारी होता, तो म्हणजे सूर्य.

३/२२
१८८१ साली हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक कामगार असणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी मात्र त्यात एक शब्दही नव्हता. म्हणजे बारा वर्षांचा झाला की मुलगा कायद्याच्या दृष्टीने ‘प्रौढ’ ठरे आणि त्याच्या तासांना कोणतीही मर्यादा उरत नसे.

४/२२
या परिस्थितीत नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि एका कापड गिरणीत स्टोअरकीपर अशी त्यांची ओळख होती. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या अशा होत्या: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि अपघात झाल्यास भरपाई.

५/२२
या यादीत वेतनवाढ नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मागितला आहे तो वेळ, आणि झालेल्या कामाचा पैसा वेळेवर. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आणि दुपारच्या विश्रांतीला कायद्याचे बळ मिळाले. स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादाही त्याच वेळी आली.

६/२२
‘देशासाठी जास्त काम करा’ हा युक्तिवादही आजचा नव्हे. मुंबईच्या सुताशी स्पर्धा करणाऱ्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी हिंदुस्थानात फॅक्टरी कायदे व्हावेत यासाठी जोर लावला होता. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग वाचवायचा तर तासांवर बंधन नको, अशी त्यांची भूमिका होती. लँकेशायरच्या हेतूविषयीची शंका खोटी नव्हती. परंतु देशी उद्योगाच्या रक्षणाची किंमत सूत कातणाऱ्या तरुणानेच का द्यावी, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. ‘दीनबंधु’ने तो पुढे आणला.

७/२२
आता आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०४-०५ च्या सुमारास कापडबाजार तेजीत होता. सूर्याची मर्यादा संपताच अनेक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पहाटे अंधारात आत शिरायचे आणि रात्री अंधारातच बाहेर पडायचे. कामगारांत असंतोष पसरला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’नेही या तासांवर टीका केली. अखेरीस सरकारला १९०६ साली एक समिती आणि १९०७ साली मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमावे लागले.

८/२२
येथे थोडे थांबून विचार करू. बाराऐवजी चौदा तास काम करणारा एखादाच तरुण असता, तर कदाचित तो नजरेत भरला असता. पण दिवे एका माणसासाठी लागत नाहीत. संपूर्ण खाते चौदा तास चालू लागले, तेव्हा चौदा तास हीच रीत झाली. जादा वेळेतला ‘जादा’ नाहीसा झाला. बारा तासांनंतर घरी जाऊ इच्छिणारा माणूस कालपर्यंत नियमित कामगार होता. आज तो कामचुकार ठरला. सर्वांनी मिळून वेळ वाढविला, पण त्यामुळे कुणीही शेजाऱ्याच्या पुढे गेला नाही.

९/२२
१९०८ साली कमिशनचा अहवाल आला. बहुसंख्य सदस्यांना प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको होते. त्यांनी चौदा ते सतरा वर्षांच्या ‘तरुण व्यक्तीं’चा एक वेगळा वर्ग करून त्यांना बारा तासांची मर्यादा सुचविली. हे तरुण बाहेर पडले की खाते चालविणे अवघड होईल आणि इतरांचे तासही आपोआप आवरतील, हा त्यामागचा हिशेब. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळी मतपत्रिका जोडून सर्व प्रौढांसाठी सरळ मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

१०/२२
तास हा प्रगतीचा मार्ग नव्हता, तर गिरणीत तरुण पुढे जाई कसा? पहिली पायरी होती ‘बदली’ कामगाराची. बदली म्हणजे कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. तो पाळी सुरू होण्यापूर्वी दरवाजावर येऊन उभा राही. काम मिळाले तर मजुरी, नाहीतर परत खोलीवर. या उभे राहण्याच्या वेळेचा पैसा कुणी देत नसे. काही जणांची उमेदीची कित्येक वर्षे अशीच गेली. १९८२ च्या संपातही बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती.

११/२२
कुणाला आत घ्यायचे हे ठरवी जॉबर, म्हणजेच मुकादम. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. भरती, चांगले यंत्र मिळणे, रजा, बढती हे सारे त्याच्या मर्जीवर चाले. त्याचा गाववाला असणे, त्याच्या नात्यातील असणे किंवा त्याला दस्तुरी देणे, या गोष्टींना तासांपेक्षा अधिक वजन होते. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरपद्धतीतील लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवले. आपले तास मोजणारा आणि आपली बढती ठरविणारा यांचे मोजमाप एकच असेल, असे तरुणाने गृहीत धरू नये, असा याचा अर्थ.

१२/२२
तरीही न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही जादा वेळ खरोखरच फळाला येई. विणकाम शिकण्याची औपचारिक सोय फारशी नव्हती. नवखा मुलगा एखाद्या नातेवाइकाच्या साच्याजवळ, म्हणजे मागाजवळ, उभा राहून काम शिके. त्या वेळेचा मोबदला मिळत नसे. पण हातात आलेले कौशल्य त्याचेच राही आणि दुसऱ्या गिरणीतही उपयोगी पडे. कुशल विणकराची मजुरीही कापडाच्या मापावर असल्याने इतर अनेक कामगारांपेक्षा बरी असे. हा तास फुकट गेला असे म्हणता येणार नाही.

१३/२२
परंतु त्या साच्याजवळ उभे राहण्याची मुभा सर्वांना होती का? धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या निमित्ताने ‘अस्पृश्य’ मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई. महार तरुणाने कमी मजुरीच्या खात्यात कितीही तास राबले, तरी अधिक मजुरीच्या खात्याचे दार त्याला बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. त्यानंतरच, तेही नाखुशीने, ही मागणी संपाच्या यादीत आली. ‘मेहनत करा, पुढे जाल’ हे वाक्य सर्वांना एकाच अर्थाने लागू नव्हते.

१४/२२
आणखी एक हिशेब सहसा मांडला जात नाही. चौदा तास गिरणीत असणाऱ्या तरुणाचे जेवण कोण रांधत होते? गावाकडे घर सांभाळणारी पत्नी किंवा आई असे; मुंबईत एकट्या राहणाऱ्या पुरुषांना गिरणगावातील खाणावळवाल्या बाया दोन वेळचे जेवण देत. या बायांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जादा तास ही प्रगतीची अट ठरते, तेव्हा ज्याच्या घरचे काम दुसरे कुणी करते तोच ती पुरी करू शकतो. गिरणीत काम करून घरी चूल पेटविणाऱ्या स्त्रीसाठी ही अट आरंभापासूनच प्रतिकूल होती.

१५/२२
तास कमी होण्याकडे पुन्हा वळू. जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि कामाचा दिवस बारा तासांवरून दहा तासांवर आला. १९२२ च्या कायद्याने देशभर आठवड्याला साठ तास ही मर्यादा घातली, तर १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती चोपन्न केली. १९४६ साली व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर सदस्य या नात्याने डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या दुरुस्तीने ती अठ्ठेचाळीसवर आली. १९११ पासूनचा विचार केला तर पस्तीस वर्षांत दिवसाचे बारा तास आठ-नऊपर्यंत उतरले. यांतील कुठलीही घट मालकांनी आपणहून देऊ केलेली नव्हती.

१६/२२
तास घटले तरी ताण घटलाच असे नाही. १९२० नंतरच्या मंदीत अनेक गिरण्यांनी नवी पद्धत आणली: विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत. त्यातून एका विणकराला थोडी अधिक मजुरी मिळू शके, पण दर तीन विणकरांतील एकाची जागा जाई. १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांनी पेटला त्यांत हे एक मुख्य कारण होते. तिसरा साचा घेणारा तरुण स्वतःला होतकरू समजत असेलही. दरवाजावर उभ्या असलेल्या बदली कामगाराला मात्र त्याच्यामुळेच आत येण्याची वाट अरुंद झालेली दिसे.

१७/२२
याच काळात ‘ओव्हरटाइम’ या शब्दाला कायद्याने किंमत दिली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक कामासाठी दुप्पट दराने वेतन ठरविले. दुप्पट दर हे कष्टाळूपणाचे बक्षीस आहे, असा अनेकांचा समज असतो. त्याचा दुसरा उद्देश मालकाला आवर घालणे हा होता. माणूस अधिक वेळ राबविणे महाग पडले, तर मालक दुसरा माणूस नेमील, हा त्यामागचा विचार. जेथे जादा तासाला काहीच किंमत पडत नाही, तेथे तो मागणाऱ्याला थांबण्याचे कारणही उरत नाही.

१८/२२
मग गिरणगावातील तरुण पुढे गेले ते कोणत्या तासांच्या बळावर? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकण्यासाठी रात्रच उरते, ही जाण तीमागे होती. १९११ साली ना. म. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविली. पण रात्रशाळेला विद्यार्थी मिळायचा, तर त्याची रात्र मोकळी हवी. पंधरा तासांच्या पाळीनंतर बाकावर बसून वाचणे फार थोड्यांना शक्य होते.

१९/२२
कवी नारायण सुर्वे यांचे आयुष्य या संदर्भात आठवते. गिरणी कामगार दांपत्याने त्यांना वाढविले. लहान वयातच शाळा सुटली. त्यांनी गिरणीत काम केले, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले. नोकरी करता करता सातवीची परीक्षा दिली आणि महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कष्ट त्यांनी थोडे केले नाहीत. पण शिपाई ते शिक्षक ही पायरी शिपाईगिरीचे तास वाढवून चढता आली नसती. त्यासाठी अभ्यासाचे तास लागले.

२०/२२
लोखंड्यांकडेही याच दृष्टीने पाहता येईल. गिरणीतील नोकरी सांभाळून वृत्तपत्र चालविणारा, सभा भरविणारा, निवेदने लिहिणारा हा माणूस आजच्या भाषेत ‘जादा तास’ काम करणाराच होता. फरक एवढाच की ते तास त्याने गिरणीला दिले नव्हते. १८९७ साली प्लेगच्या साथीत त्यांचा अंत झाला. स्टोअरकीपर म्हणून त्यांनी किती तास भरले हे आज कुणी विचारीत नाही. त्यांनी मिळविलेला रविवार मात्र आपण सारे उपभोगतो.

२१/२२
संगणकासमोर बसणारा आजचा तरुण म्हणजे १९०५ चा गिरणी कामगार नव्हे, हे मान्य. त्याच्याकडे पदवी आहे, नोकरी बदलण्याची संधी आहे. पण एका बाबतीत तो अधिक उघड्यावर आहे: त्याच्या जादा तासाला बहुधा दुप्पट दर नाही, आणि घरी आलेल्या फोनमुळे भोंगाही संपतच नाही. शिवाय त्याच्याही कार्यालयात बढती ठरविणारा एखादा मुकादम असतोच. आपले उशिरापर्यंत थांबणे त्या माणसाला दिसते का, दिसले तरी त्याला त्याचे मोल आहे का, आणि सगळेच थांबू लागले तर काय उरेल, हे प्रश्न १९०५ इतकेच आजही खरे आहेत.

२२/२२
म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. ज्या तासातून कौशल्य, ज्ञान किंवा ओळख आपल्यापाशी उरते, तो तास नोकरी सुटली तरी आपल्याच वहीत राहतो. साच्याजवळ शिकणाऱ्या मुलाचा तास तसा होता. जो तास केवळ रीत म्हणून दिला जातो, तो मालकाच्या वहीत जमा होतो आणि उद्या सर्वांसाठी किमान ठरतो. विजेच्या दिव्यांखालचा तास तसा होता. उद्या संध्याकाळी उशिरा थांबण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे. आपल्या घरात कुणी गिरणीत काम केले असेल, तर त्यांची पाळी किती तासांची होती आणि उरलेल्या वेळात ते काय करीत, हेही जरूर विचारावे. त्या आठवणी अजून पुष्कळशा लिहिल्या गेलेल्या नाहीत.